मैफल केव्हा आवरावी?

गळा थकला की गायकाने मैफल आवरावी, हे सर्वमान्य आहे. पण वाद्यवृंदाने केव्हा थांबावे? इंग्लंडमधील दोन रॉक वृंदांनी याची निराळी उत्तरे दिली. ‘लेड झेपेलिन’चे ड्रमवादक जॉन बॉनहॅम सप्टेंबर १९८० मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी निवर्तले. उरलेल्या तिघांनी डिसेंबरात वृंद विसर्जित केला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘रोलिंग स्टोन्स’चे ड्रमवादक चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये ८० व्या वर्षी वारले. आजारपणात त्यांनीच स्टीव्ह जॉर्डन यांना आपल्या जागी बसविण्यास संमती दिली होती. पुढच्याच महिन्यात वृंदाचा दौरा सुरू झाला. तरुण थांबले, वृद्ध चालत राहिले. निवृत्तीचा निर्णय वयाने नव्हे, तर सोबत्याच्या रिकाम्या जागेचा मान कसा राखावा, या विचाराने झाला.