समुद्रपातळीच्या नोंदी: ड्रमवरच्या रेषेपासून संगणकाच्या फाइलपर्यंत

मुंबईच्या अपोलो बंदरातील समुद्रपातळीच्या मासिक नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील सर्वांत दीर्घ मालिकांमध्ये त्यांची गणना होते. आज ही सगळी मालिका एका लहानशा फाइलमध्ये मावते आणि विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्षणात उघडते. पण त्या फाइलमधला प्रत्येक रकाना एखाद्या जुन्या कार्यपद्धतीतून आलेला आहे. ती पद्धत ठाऊक असली तरच आकडे बरोबर वाचता येतात.

पाण्याची उंची आपोआप नोंदवणारी यंत्रे इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकाच्या आरंभी वापरात आली. समुद्राशी जोडलेल्या अरुंद विहिरीत तरंगक सोडलेला असे. विहिरीत लाटांचा हेलकावा शमून भरती-ओहोटीचा संथ चढउतार तेवढा उरे. तरंगकाची हालचाल तारेने पेन्सिलीपर्यंत पोहोचे आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या ड्रमच्या कागदावर वक्ररेषा उमटे.

भारतात हे काम त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्याने हाती घेतले. कच्छच्या आखातात जमीन व समुद्र यांची परस्पर पातळी बदलते आहे का, हे तपासण्यासाठी कॅप्टन ए. डब्ल्यू. बेअर्ड यांनी १८७० च्या दशकात तेथे भरतीमापक बसवले. त्यानंतर १८७७ पासून देशातील प्रमुख बंदरांमध्ये अशी निरीक्षणे पद्धतशीरपणे घेण्याचा उपक्रम सुरू झाला. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकातोआ ज्वालामुखीच्या स्फोटाने उसळलेल्या लाटा भारतीय बंदरांतील या यंत्रांनी टिपल्या आणि बेअर्ड यांनी त्यांचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीला सादर केला.

कागदावरच्या रेषेचे आकडे करणे हे वेगळेच कष्टाचे काम होते. प्रत्येक तासाची उंची रेषेवरून मोजून नोंदवहीत उतरवावी लागे. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) आणि जॉर्ज डार्विन यांनी विकसित केलेल्या गणिती पद्धतीने या आकड्यांतून चंद्र-सूर्याच्या आकर्षणामुळे होणारे निरनिराळे चढउतार वेगळे काढले जात. त्यांच्या आधारे पुढची भाकिते करणारे दंतचक्रांचे यंत्र एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली १८७९ मध्ये भारतासाठी तयार झाले. भरतीची भाकिते बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांना उपयोगी पडत. तासातासाच्या उंचींची सरासरी काढली की समुद्राची मध्यम पातळी मिळे, आणि ती जमिनीची उंची मोजण्याचा पाया ठरली.

देशोदेशीच्या मध्यम पातळ्या एकत्र करण्यासाठी १९३३ मध्ये एक आंतरराष्ट्रीय सेवा स्थापन झाली. तिचे काम लिव्हरपूलमधून चालते. १९४० मध्ये तिने १९३६ पर्यंतच्या मासिक व वार्षिक पातळ्यांचा छापील संग्रह काढला. पुढे या सेवेने प्रत्येक बंदराची मालिका जमिनीवरील पक्क्या तलचिन्हाशी जोडली आणि मध्यम पातळीपेक्षा सुमारे ७,००० मिलिमीटर खाली एक संदर्भपातळी मानली. आकडे ऋण येऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. म्हणून तिच्या फाइलमध्ये मुंबईसमोर ७,००० च्या आसपासचे आकडे दिसतात. ती पाण्याची खोली नव्हे.

संगणकात माहिती भरण्यासाठी छिद्रपत्रे (पंच कार्डे) वापरली जात, त्या काळाचा ठसाही फाइलींवर उरला आहे. क्लाउस विर्त्की यांच्या पुढाकाराने हवाई विद्यापीठात १९७० च्या दशकात समुद्रपातळीच्या नोंदी गोळा करण्याचे काम उभे राहिले. तेथील तासवार फाइलीत एका दिवसाच्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत आरंभी स्थानक व तारीख यांची २० अक्षरे आणि मग पाच-पाच अक्षरांचे १२ आकडे येतात. एकूण ८० अक्षरे होतात, म्हणजे छिद्रपत्राच्या स्तंभांइतकीच. कॅनडाच्या मायकेल फोरमन यांनी १९७७ मध्ये भरती-विश्लेषणाचे फोरट्रान प्रोग्राम प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे २००२ मध्ये मॅटलॅबसाठी ‘टी-टाइड’ हा संच निघाला. आता ‘आर’ भाषेतील ‘ओसीई’ संच हवाईची फाइल थेट वाचतो.

तरीही सॉफ्टवेअरला काही गोष्टी सांगाव्या लागतात. लिव्हरपूलच्या फाइलीत रकाने अर्धविरामाने विभागलेले असतात आणि वर्ष दशांशात असते: ०.०४१७ हा जानेवारीचा मध्य. नोंद नसलेल्या महिन्यासमोर −९९९९९ लिहिलेले असते. ही खूण उंची म्हणून वाचली गेली, तर एका रिकाम्या महिन्याने वर्षाची सरासरी जवळजवळ ९ मीटर खाली उतरते. हवाईच्या तासवार फाइलीत हीच खूण ९९९९ असते. तासवार नोंदींत घड्याळही पाहावे लागते. मुंबईची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. ३९ मिनिटांच्या या फरकाने भरतीच्या वेळेचे गणित चुकते.

इतकी काळजी घेण्याचे कारण मोजायच्या बदलाच्या लहानपणात आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे उन्नीकृष्णन व शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील दीर्घ नोंदी तपासल्या. जमिनीच्या हालचालीची दुरुस्ती केल्यावर पातळीची वाढ वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटर निघाली. दिवसाला काही मीटर वरखाली होणाऱ्या पाण्यातून इतका सूक्ष्म कल शोधायचा, तर दीर्घ मालिका, पक्के तलचिन्ह आणि रिकाम्या जागांची प्रामाणिक नोंद या तिन्हींची गरज असते. भरतीमापकाशी काम करणाऱ्यांनी आणि नोंदवह्या भरणाऱ्यांनी या तिन्ही गोष्टी सांभाळल्या, म्हणूनच त्यांचे आकडे आजही कामाला येतात.