कमरा, चूल आणि आजोबांची तसबीर

नागपूर-अमरावती रस्त्यावर उतरून नुसते ‘तळेगाव’ म्हणून भागत नाही. ऐकणारा लगेच विचारतो, कोणते? पुण्याकडे दाभाड्यांचे आहे, ढमढेऱ्यांचे आहे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दशासर आहे. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले हे श्यामजी पंतांचे. तिथे माझ्या बहिणीचे घर आहे, आणि गेल्या दिवाळीपासून त्या घरात एक जुना, कुणाकडून तरी आलेला कॅमेरा आहे. भाची अकरावीत. फोटोग्राफी शिकायची म्हणून तिने दोनशे पानी वही घातली आहे. पहिल्याच पानावर कॅमेरा, लेन्स, फोकस, अ‍ॅपर्चर, शटर, एक्सपोजर असे शब्द एकाखाली एक उतरवून पुढे जागा मोकळी सोडली होती. ती जागा भरायचे काम माझ्याकडे आले.

“मामा, कॅमेरा म्हंजे काय?”

“कमरा,” मी म्हणालो.

तिला वाटले मी थट्टा करतोय. पण मी खरेच सांगत होतो. ग्रीकमध्ये ‘कमारा’ म्हणजे कमानदार छताची जागा. लॅटिनने त्याचे ‘कामेरा’ केले, पोर्तुगिजांनी ‘कामारा’. पोर्तुगीज जहाजांतून बटाटा, पगार, तंबाखू उतरले तसा हाही शब्द उतरला आणि हिंदुस्थानीत कमरा होऊन राहिला. विदर्भात खोलीबरोबर कमराही सर्रास ऐकू येतो. म्हणजे ‘कॅमेरा त्या कमऱ्यात ठेव’ असे बहीण ओरडते तेव्हा ती एकच शब्द दोनदा उच्चारत असते. एक गोव्याच्या वाटेने आलेला, दुसरा इंग्रजांच्या. (एका कमऱ्यात राहणारा तो कॉम्रेड, हेही त्याच घराण्यातले. संप करणाऱ्यांना ते माहीत असतेच असे नाही.)

मात्र खोलीचे यंत्र कसे झाले हे सांगून पटण्यासारखे नाही, ते पाहावे लागते. आम्ही दुपारी पुढच्या खोलीची खिडकी खोक्याच्या पुठ्ठ्याने बंद केली, फटींत जुनी लुगडी कोंबली आणि पुठ्ठ्याला एक भोक पाडले. डोळे अंधाराला सरावायला पाचेक मिनिटे गेली. मग समोरच्या भिंतीवर अंगणातला कडुनिंब उमटला, शेंडा खाली, बुंधा वर. त्याच्यामागून लाल एसटी छतावर चाके लावून उलटी सरकत गेली. भाची किंचाळलीच. अशा अंधाऱ्या खोलीला योहानेस केप्लरने 1604 सालच्या आपल्या ग्रंथात ‘कामेरा ऑब्स्क्युरा’ म्हटले. पुढे खोली आटत आटत पेटी झाली, पेटी आटून खिशात आली. ‘अंधारी’ हे विशेषण वाटेत गळाले आणि खोली तेवढी उरली. जे आवश्यक होते तेच नेमके गळाले. कॅमेऱ्याला अंधारच तर हवा असतो.

केप्लरच्या त्याच ग्रंथात दुसरा शब्द सापडतो, फोकस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. भिंगातून गेलेले ऊन एका बिंदूशी गोळा होते आणि तिथे कागद पेटतो, म्हणून त्या बिंदूला चुलीचे नाव. आपली शाळेची पुस्तके त्याला नाभी म्हणतात. नाभीही वाईट नाही, चाकाच्या आऱ्या जिथे मिळतात ती नाभी. पण त्यात धग नाही. मला विचाराल तर शास्त्राच्या तासाला एकदा तरी चूल हा शब्द यावा, पोरे विसरणार नाहीत.

लेन्स म्हणजे लॅटिनमधली मसूर. दोन्हीकडून फुगीर काचेला मसुरीच्या दाण्याचा आकार दिसला, एवढेच. वर्धा जिल्हा तुरीचा. इथल्या कुणी नाव ठेवले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येऊन गेला. तूर गोलसर, ती उपयोगाची नाही. तिची डाळ मात्र एकीकडून सपाट आणि दुसरीकडून फुगीर असते, आणि तसलीही भिंगे असतातच. आपला भिंग हा शब्द कानाला गोड आहे. तो आणि ‘बिंग फुटले’ यातले बिंग एक नव्हेत, हे वहीत वेगळे लिहावे लागले, कारण भाचीने काचेची गोष्ट म्हणून ‘भिंग फुटले’ असेच आजवर समजले होते.

अ‍ॅपर्चरपाशी आम्ही अडखळलो. शब्द सोपा, म्हणजे उघडे भोक. अडचण आकड्यांची. एफ 2 म्हणजे मोठे भोक आणि एफ 16 म्हणजे बारीक, हे कुठल्याही नवशिक्याला उफराटेच वाटते. एफ हे भिंगाचे नाभीय अंतर. त्याला पुढच्या आकड्याने भागले की भोकाचा व्यास. 50 मिलिमीटरचे भिंग असेल तर एफ 2 ला भोक 25 मिलिमीटरचे आणि एफ 8 ला सव्वासहा. आकडा खाली भाजक म्हणून बसलेला असतो, तो वाढला की भागाकार घटणारच. हे कळल्यावर तिने विचारले, मग डोळ्याचे भोक कोणते? डोळ्याची बाहुली. उजेडात बारीक, अंधारात मोठी. बाहुली का म्हणायचे? समोरच्याच्या डोळ्यात वाकून पाहा, तुझीच इवली आकृती दिसते, म्हणून. संस्कृतात तिला कनीनिका म्हणतात, म्हणजे लहानगी मुलगी. लॅटिनमध्ये ‘पुपिल्ला’, तीही मुलगी, बाहुली. एकमेकांना न विचारता तिघांनी एकच गोष्ट पाहिली. इंग्रजीत डोळ्याच्या बाहुलीला आणि शिष्याला एकच शब्द, प्युपिल, आणि दोन्हींचे मूळ त्याच लहान लेकरापाशी जाते. स्टुडिओ आणि स्टुडंट हेही असेच सख्खे. स्टुडिओ ही आधी अभ्यासाचीच जागा. पाठीमागे ताजमहालाचा पडदा नंतर लागला.

आता छायाचित्र. या शब्दाची मी पुष्कळ वर्षे टर उडवली आहे. मूळ शब्दात ‘फोटो’ म्हणजे प्रकाश. प्रकाशाने लिहिलेल्याला आपण सावलीचे चित्र म्हणायचे, हे म्हणजे दिव्याला काजळी म्हणण्यासारखे. काही जण चोखंदळपणे ‘प्रकाशचित्र’ लिहितात ते याच कारणाने, आणि मीही एकेकाळी त्यांच्यातला होतो.

मग टॅल्बट वाचनात आला. पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत 1839 साली जाहीर झाली. तिकडे इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट काही वर्षे आधीपासून वेगळाच उद्योग करत होता. चांदीच्या क्षाराने माखलेल्या कागदावर पान किंवा लेस ठेवायची आणि उन्हात धरायचे. ऊन लागे तिथे कागद काळा पडे, पानाची सावली पडे तिथे पांढरा राही. म्हणजे हाती येई ती सावलीच. त्याने आपल्या खासगी टिपणांत या कलेला नाव दिले होते स्किआग्राफी. ग्रीक ‘स्किआ’ म्हणजे सावली. ही स्किआ, आपली छाया आणि फारसीतला साया, तिन्ही एका मूळधातूची लेकरे आहेत. म्हणजे टॅल्बटचा टाकून दिलेला शब्द आणि मराठी छायाचित्र हे अर्थाने तर एक आहेतच, वर रक्तानेही एक निघाले. पुढे 14 मार्च 1839 ला जॉन हर्शेलने रॉयल सोसायटीपुढे ‘फोटोग्राफी’ हा शब्द मांडला आणि तोच जगभर चालला. निगेटिव्ह-पॉझिटिव्ह ही जोडीही त्याचीच.

एवढ्यावर थांबलो असतो तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण अमरकोशात छायेचे चार अर्थ दिले आहेत. सूर्याची बायको, कांती, प्रतिबिंब, आणि ऊन नसणे. आपण शेवटचा तेवढा धरून बसलो. चेहऱ्यावरची कांती, पाण्यात दिसते ते प्रतिबिंब, आणि सूर्य घरी येतो ती बायको हे तिन्ही अर्थ फोटोला चपखल बसतात. माझी टर मी मागे घेतली. तोंडातून येतो मात्र फोटोच. गावात फोटू. छायाचित्र हे वर्तमानपत्राच्या ओळीत आणि शासकीय अर्जात शोभते.

महाराष्ट्रात ही विद्या शिकायला माणसे लवकर बसली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 ला निघाली, पाठोपाठ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण हे तिथून शिकून बाहेर पडलेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही त्याच काळातले फोटोग्राफर.

पण भाचीला मी गोष्ट सांगितली ती याच जिल्ह्यातली. सेवाग्रामला कनू गांधी नावाचा विशीतला पोरगा होता, बापूंच्या पुतण्याचा मुलगा. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स आणि फिल्म आली. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही, आणि आश्रम या छंदाला पैसे देणार नाही. 1938 पासून दहा वर्षे त्याने त्या अटींत राहून काम केले. रोलिफ्लेक्समध्ये मान खाली घालून, पोटाशी धरलेल्या काचेत पाहावे लागते, आणि त्या काचेत डावे उजवीकडे दिसते. तशात चालणारा माणूस टिपायचा, कुडाच्या झोपडीत शिरेल तेवढ्याच उजेडावर! पोझ हा शब्द लॅटिनमधल्या थांबण्यावरून आला आहे. ‘जरा थांबा, इकडे बघा’ म्हणायची सोय ज्याला नाही, त्याला स्वतःच थांबून राहावे लागते. भाचीने तिन्ही अटी वहीत लिहून घेतल्या. तिसरी अट तिच्या आईने आधीच घातली होती.

राहता राहिले क्रियापद. हिंदीत फोटो खिंचतात, आणि इकडे पोरेही आता ‘फोटो खिच’ म्हणतात. मराठीत आपण काढतो. विहिरीतून पाणी काढावे, गाईचे दूध काढावे, पायातला काटा काढावा, रांगोळी काढावी, कर्जही काढावे, तसाच फोटो. आत होते ते बाहेर घेतले, असा काढण्याचा भाव. रोलचा जमाना होता तेव्हा काढलेला फोटो पुन्हा धुवायला टाकावा लागे, हे भाचीला सांगूनही खरे वाटेना. आणि सगळ्यात मला आवडते ते ‘येणे’. ‘माझा फोटो चांगला येत नाही’ असे आपण म्हणतो. कुणी वाईट काढला असे म्हणत नाही. तो कुठून तरी निघालेला असतो आणि येतो, कधी नीट, कधी रस्ता चुकून.

संध्याकाळी मागच्या आवारात तिच्या आजीने आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवली. भाचीला फोकसचा अर्थ आठवला. चुलीचाच फोटो काढायचा म्हणून ती ओल्या जमिनीवर उकिडवी बसली. “माहा काहाडू नको वं, लुगडं पाय कसं हाये,” आजी म्हणाली आणि पदर सारखा करून बसली. सात-आठ वेळा शटर वाजले. पडद्यावर पाहतो तो चूल धूसर, आजीही धूसर. कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने मागच्या दारातून आत जाऊन भिंतीवरची हार घातलेली आजोबांची तसबीर पकडली होती, काचेवरच्या धुळीसकट लख्ख.

भाची हिरमुसली, पुसायला निघाली. आजीने चष्मा मागवून घेतला, बराच वेळ पाहिले.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाली, “चांगले आले.”