गिसेनची प्रयोगशाळा

आमच्या पिढीने रसायनशास्त्र घोकले, तेही एकेकट्याने. जर्मनीतील गिसेन येथे निराळेच घडले. १८२४ साली अवघ्या एकविसाव्या वर्षी युस्टुस लीबिग तेथे प्राध्यापक झाले आणि एका जुन्या लष्करी पहारेघरात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. नवशिक्यांना साहाय्यक धडे देत. पुढचे विद्यार्थी मात्र रोज सकाळी काल काय केले व आज काय करणार, हे सांगत. लीबिग संमती देत किंवा शंका काढीत. वाट ज्याची त्यानेच शोधायची. एकमेकांच्या कामात सहभागी होऊन प्रत्येक जण इतरांपासून शिकला, असे लीबिग यांनीच पुढे नमूद केले आहे. वास्तुशास्त्र शिकावयास आलेला केकुले येथेच रसायनाकडे वळला. गावात करमणूक नव्हतीच. तक्रार काय ती शिपायाची: झाडलोट करावी तर संध्याकाळी ही मंडळी बाहेरच पडत नाहीत!