विटपसीवनाचे प्रशिक्षण
प्रसूतीत योनिमार्ग व गुदद्वार यांमधील भाग (विटप) फाटल्यास किंवा छेद दिल्यास तो शिवण्याचे कौशल्य प्रसविका विद्यार्थिनींना आधी प्रतिकृतीवर शिकवतात. फाटण्याच्या चार श्रेणी मानतात. पहिली त्वचा व श्लेष्मल आवरणापुरती असते, तर दुसरीत स्नायूही फाटतात. या दोन्ही प्रसविका शिवू शकते. गुदसंकोचक स्नायूपर्यंत गेलेली तिसरी व चौथी श्रेणी तज्ज्ञ डॉक्टरांकडे सोपवतात.

सुरुवात स्पंजाच्या तुकड्यावर सुईधारक व चिमटा धरण्यापासून होते. स्पंज मात्र फारच आज्ञाधारक असतो. ऊतीचा ताण व निसरडेपणा प्राण्याच्या मांसावरच कळतो. पहिला टाका जखमेच्या वरच्या टोकाच्याही सुमारे १ सेंमी. वर घेतात, कारण तुटलेली रक्तवाहिनी आत आकसलेली असते. पुढे विरघळणाऱ्या दोऱ्याने सलग, सैल टाके घालतात. ते आवळले तर सूज आल्यावर वेदना वाढतात. गाठीचा सराव सर्वांत वेळखाऊ. शेवटी गुदतपासणी आणि सुया व कापसाचे बोळे मोजणे ही सवयही हातासोबतच लावतात. त्यानंतरच देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णेवर, भूल देऊन, काम दिले जाते.