दुष्काळानं बांधलेले पूल

बंगळूरहून रेल्वेनं मिरजेला निघालात, की हरिहरला तुंगभद्रा लागते. पुढे मलप्रभा, घटप्रभा आणि कुडचीजवळ कृष्णा. या नद्यांवर रेल्वेचे पूल आले, त्यामागे एक मोठा दुष्काळ होता.

१८७६ ते १८७८. पाऊस हुकला. बंगळूरला मद्रासकडून रेल्वे १८६४ सालीच आली होती, त्यामुळे धान्य तिथवर पोहोचलं. पण पुढे खेड्यांत न्यायचं कसं? चाऱ्यापाण्यावाचून बैल मेले, गाड्या जागच्या जागी राहिल्या. म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या १८७१ साली सुमारे ५० लाख होती. १८८१ साली ती ४२ लाखांवर आली.

१८८० च्या दुष्काळ आयोगानं अशा मुलखांत लोहमार्ग हवेत असं सांगितलं. १८८२ साली ‘सदर्न मराठा रेल्वे’ कंपनी निघाली. मार्ग मीटरगेज ठेवला, कारण खर्च कमी.

मात्र पुलावरून धान्य येतं, तसं जातंही. त्या दुष्काळातही हिंदुस्थानातून गहू इंग्लंडला जातच होता. म्हणून जुना पूल पाहताना त्याचे खांब जरूर मोजा. पण वरून गेलेलं धान्य खालच्या गावाला परवडत होतं का, हेही विचारा.