घडी कुठे घालायची?

कागदावर शाईचा थेंब टाकून घडी घातली, की दोन्ही बाजूंना सारखी नक्षी उमटते. सममिती शिकवताना हा खेळ आपण सगळेच वर्गात करतो. मेंदूच्या प्रतिमेत मात्र नक्षी आधी हाती येते आणि घडी शोधावी लागते.

ही गरज संगणकाच्या आधीची आहे. पिनिअल ग्रंथी मेंदूच्या मध्यावर असते. वयानुसार तिच्यात कॅल्शियम साठले, की साध्या क्ष-किरण चित्रातही ती ठिपक्यासारखी दिसते. ठिपका एका बाजूला सरकला असेल, तर दुसऱ्या बाजूने गाठ किंवा साकळलेले रक्त त्याला ढकलत असावे, असा अंदाज डॉक्टर बांधत.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन झाला. चित्र ८० × ८० चौकटींचे, म्हणजे आकड्यांचा तक्ताच. तक्त्यावर गणित करता येते, आणि असे काप एकावर एक रचले की त्रिमितीय मेंदू मिळतो. पण रुग्णाचे डोके जरा कलते असले, तर एकाच कापात डावी बाजू वरची आणि उजवी खालची येते. निरोगी मेंदूही मग वाकडा दिसतो. म्हणून आधी सममितीचे प्रतल हवे.

त्यासाठी तीनच संख्या लागतात: दोन कोन आणि एक अंतर. प्रतल कल्पायचे, एक बाजू आरशात पाहिल्यासारखी उलटवायची, दुसरीशी किती जुळते ते मोजायचे, मग प्रतल थोडे हलवून पुन्हा मोजायचे. बाबक अर्देकानी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे काम आपोआप करणारी पद्धत मांडली.

खरा पेच पुढे आहे. गाठ ओळखायला प्रतल हवे, आणि गाठच प्रतल बिघडवते! समजा, चाळीस मुलांनी बाकाची लांबी मोजली आणि दोघांनी टेप उलटा धरला. सरसकट सरासरी काढली, तर त्या दोघांची चूक सगळ्यांच्या माथी बसते. २००१ मध्ये पिट्सबर्गच्या यानशी लिऊ, कॉलिन्स आणि रॉथफस यांनी प्रत्येक कापाचा अक्ष वेगळा काढला आणि बहकलेल्या अक्षांना फारसे महत्त्व न देता त्यांतून प्रतल ठरवले. २००२ मध्ये फ्रान्समधील प्रिमा, उर्सलाँ आणि अयाश यांनी मेंदूचे छोटे ठोकळे करून प्रत्येकाचा आरशातला जोडीदार शोधला, आणि सर्वांत विजोड जोड्या वगळल्या. आम्हाला ही युक्ती फार आवडते: जे शोधायचे, त्याकडेच आधी काणाडोळा करायचा.

तरीही उरलेला प्रत्येक फरक म्हणजे रोग नव्हे. गेशविंड आणि लेवित्स्की यांनी १९६८ मध्ये १०० मेंदू मोजले. भाषेशी संबंधित एक भाग ६५ मेंदूंत डावीकडे मोठा होता, ११ मध्ये उजवीकडे. समान फक्त २४ मध्ये. शिवाय बहुतेकांत उजवा गोलार्ध पुढे आणि डावा मागे किंचित सरकलेला असतो, त्यामुळे मधली फटही सरळ नसते. म्हणून काही संशोधक पुढे सपाट प्रतल सोडून वळणारा पृष्ठभाग शोधू लागले.