गर्द ते एमडी : चाळीस वर्षांचा धडा

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे मंडळाने सुचवले, तेव्हा शिवकाल, पेशवाई बाजूला ठेवून मी जरा अप्रिय विषय निवडला. आपली मुले याच शहरात शिकतात, नोकरी करतात, शनिवारी रात्री मित्रांबरोबर इंदिरानगर-कोरमंगलाला जातात. त्यामुळे हा इतिहास आपल्या घराशी येऊन भिडतो.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ आली. नाव देशी, पण आत होते अशुद्ध हेरॉईन. घरच्यांना ते कळेपर्यंत मुलगा हाताबाहेर गेलेला असे. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. पुढे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते वाढवले. व्यसन हा आजार आहे, हे मराठी घरांना तिथे उमगले.

आता गर्दची जागा ‘एमडी’ने घेतली आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन. हे रसायन १९२९ मध्येच तयार झाले होते, पण कित्येक दशके विस्मृतीत पडून राहिले. या शतकाच्या आरंभी ते पुन्हा वर आले, युरोपातल्या क्लबांत पसरले आणि २०१० मध्ये ब्रिटनने त्यावर बंदी घातली. मुंबईत ते ‘म्याव म्याव’ म्हणून विकले जाऊ लागले. आपला अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा, पण मेफेड्रोन त्याच्या यादीत आले फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर विकणाऱ्यांचे फावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडले. म्हणजे हे विष परदेशातूनच येते असे नाही. ते आपल्या गावाशेजारीही बनते.

एमडी घेतल्यावर थोडा वेळ हुरूप येतो, माणूस बडबडा होतो. मात्र हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, अंग तापते, झोप-भूक उडते, जबडा आवळला जातो. असर दोन-तीन तासांत ओसरतो, म्हणून पुन्हा घ्यावेसे वाटते. पुढे संशय, भास, खोल उदासी. सोबत दारू असेल तर धोका वाढतो. पुडीत नक्की काय आहे, हे तर घेणाऱ्यालाही ठाऊक नसते.

चाळीस वर्षांचा धडा एवढाच : नशेचे नाव दर पिढीत बदलते आणि कायद्याची यादी मागून येते. म्हणून नावावर नव्हे, माणसावर लक्ष ठेवावे. रात्र-रात्र जागरण, घटलेले वजन, पैशांची चणचण, तुटलेले जुने मित्र, हे आधी दिसते ते घरच्यांना आणि खोलीतल्या सोबत्यांना. कुणी बेशुद्ध पडले किंवा छातीत दुखू लागले, तर न घाबरता रुग्णालयात न्या आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा.

होसूर रोडवरच्या निम्हान्समध्ये व्यसनमुक्तीचा स्वतंत्र विभाग आहे. १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइनही आहे. लोक काय म्हणतील, या विचारात दिवस घालवू नका.